घोड्यानं धरलेला दंड

मला घोडा चावला तेव्हा लोक आधी हसले.

मी औरंगाबादला इंटर सायन्सला होते आणि मे महिन्याच्या सुट्टीत जालन्याला घरी आले होते. मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. दुकानांच्या पाट्यांवरची उर्दू अजून तशीच होती. स्टेशनाबाहेर टांगेवाला माझी ट्रंक मागे बांधत होता आणि उन्हातून तेवढीच सावली म्हणून मी घोड्याच्या तोंडापाशी जाऊन उभी राहिले. घोडं मरतुकडं होतं. कधीकाळी पांढरं असावं, आता पिवळट. त्यानं मान वळवली आणि माझा उजवा दंड तोंडात धरला. एखाद्यानं सावकाश भाकरीचा घास घ्यावा तसा धरला, आणि सोडेना.

त्या क्षणाचं दुखणं मला आठवत नाही. त्याच्या तोंडाची ऊब आठवते. ती ओली, दमट ऊब, कुजलेल्या कडब्याचा वास, हिरड्यांपर्यंत दिसणारे पिवळे दात. टांगेवाल्यानं त्याच्या नाकाडावर चाबकाची मूठ हाणली तेव्हा त्यानं एक हिसका दिला आणि सोडलं. माझ्या पोलक्याच्या बाहीवर हिरवा फेस होता. कुणीतरी ओरडलं, "अरे, तुझ्या घोड्यानं बाईचा मुका घेतला की!" आणि तिथले सगळे हमाल, पानवाले, उतारू हसले. घोड्यापेक्षा त्या हसण्याचीच शिसारी जास्त आली, असं आता वाटतं.

रक्त फारसं नव्हतं. चार-पाच दातांचे ठसे, एकदोन ठिकाणी कातडी सोललेली. टांगेवाला वाटभर "हुजूर, जनावर गरीब आहे, आज काय झालं कुणास ठाऊक" असं म्हणत राहिला.

आमचं घर एका जिनिंग प्रेसच्या मागच्या आळीत होतं. वडील त्या प्रेसमध्ये कारकून. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. आई मी लहान असतानाच गेली होती. मला वाढवलं ते आत्यानं. ती दादांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. घरात तिचं सोवळं चाले. ते साधंसुधं नव्हतं. तिच्या पाण्याच्या घागरीला कुणाची सावली लागली तरी ती घागर ओतून देई. रस्त्यानं चालताना पदर असा आवळून धरी की येणाऱ्याजाणाऱ्याचा वारासुद्धा तिला लागू नये.

मी दारात उभी राहून झालेलं सांगितलं. ती चार पावलं मागे सरली.

"आधी न्हाणीत जा. जनावराची लाळ हाये ती. कशालाच शिवू नको."

मी अंघोळ करून आले, मग तिनं माझा हात हातात घेतला. जवस वाटून, त्यात हळद घालून, लोखंडी कढईत शिजवून तिनं पोटीस केलं, चटका बसेल इतकं गरम, आणि दंडावर थापलं. त्यावर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या.

"आत्या, फार घट्ट होतंय गं."

"घट्ट न्हाई बांधलं तर सूज कशी उतरंल? जरा सोस."

दुसऱ्या दिवशी तिनं ते सोडलं नाही, वर नवं थापलं. हात खांद्यापासून कोपरापर्यंत ताठरला. बोटं जाड झाली, मग निळसर. ताप चढला. आळीतल्या बायका येत, दाराशी बसत आणि आपापलं सांगत. एकीचं म्हणणं, चुना लावा. दुसरीचं, निवडुंग भाजून बांधा. घनसावंगीकडचे दादांचे एक मावसभाऊ कामानिमित्त जालन्याला आले होते, त्यांनी कसलीशी काळी पूड खिशातून काढली आणि ती पट्टीच्या फटीतून आत टाकायला लावली. ती त्यांच्या बैलाला लागू पडली होती म्हणे. आत्या सगळ्यांचं ऐकत होती आणि सगळ्यांचं थोडंथोडं करत होती. मी खाटेवर पडून एकेकीचं तोंड बघत होते. माझ्या हाताला काय हवंय ते प्रत्येकीला ठाऊक होतं, आणि तो सोडून बघायला मात्र कुणी तयार नव्हती.

वास मला पहिल्यांदा आला तेव्हा वाटलं, घरात कुठे उंदीर मेला असेल. आत्यालाही तसंच वाटलं. तिनं माळा धुंडाळला, धान्याची पोती हलवली. दुपारी ती परसात गेली असताना मी नाक दंडाजवळ नेलं.

उंदीर माझ्या हातात होता.

मी दातांनी गाठ सोडली. पट्टीचे शेवटचे वेढे कातडीला चिकटले होते, ते ओढले तेव्हा कातडीही त्याबरोबर आली. आतलं जे दिसलं ते लाल नव्हतं. कुजलेल्या चिंचेच्या गोळ्यासारखं काळपट, ओलं, मधून हिरवट झाक असलेलं काहीतरी होतं, आणि त्यात जवसाचे दाणे रुतले होते. मी खाटेवरूनच खाली ओकले. आत्या धावत आली, तिनं हात बघितला आणि पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "पोटीस बराबर शिजलं न्हाई वाटतं."

ते वाक्य मी कधी विसरले नाही. त्या वाक्याची मला आजही चीड येते.

दादा प्रेसमधून आले. त्यांनी टांगा आणायचं म्हटलं, मी नको म्हणून ओरडले. प्रेसच्या फाटकाशी कापूस उतरवून मोकळी झालेली बैलगाडी उभी होती, तीत बसवून त्यांनी मला सरकारी दवाखान्यात नेलं. गाडीत राहिलेला सुटा कापूस वाऱ्यानं उडून माझ्या उघड्या मांसावर चिकटत होता. आत्या गाडीमागून चालत होती. गाडीत इतर जातीची माणसं बसतात म्हणून ती गाडीत बसली नाही.

दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, हैदराबादेकडच्या. पन्नाशीच्या, बुटक्या, केस विस्कटलेले. मराठी बोलत, पण दख्खनी ढंगाची. त्यांनी हात पाहिला, वास घेतला. त्यांनी मुद्दाम वाकून वास घेतला हे मला किळसवाणं वाटलं. मग विचारलं, "किसने बांधा ये?"

"मी बांधलं," आत्या म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि नर्सला गरम पाणी आणायला सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

घोड्याच्या दातांनी कातडी फारशी फाटत नाही, पण आतलं मांस दगडाखाली सापडल्यासारखं चिरडतं, असं त्यांनी दादांना समजावलं. त्यावर घट्ट पट्टी बांधली की उरलंसुरलं रक्तही तिथे पोचत नाही. आता जे मेलंय ते कापून काढावं लागेल, नाहीतर पूर्ण हात जाईल. धनुर्वाताची लस दिली, पेनिसिलिनची सुई दिली. दंड बधिर करायच्या सुयाही टोचल्या आणि मला म्हणाल्या, "तोंड उधर कर, बेटी."

मी तोंड फिरवलं नाही. आम्ही औरंगाबादला बेडूक कापत होतो. माझी समजूत होती की मला सगळं बघता येतं.

त्यांनी चिमट्यानं मांसाचा एक तुकडा पकडला आणि दाबला. काहीच झालं नाही. "मेला," त्या म्हणाल्या आणि कात्रीनं तो कापून तबकात टाकला. रक्त आलं नाही. पुढचा तुकडा दाबला. "हाही मेला." तबकात माझ्या दंडाचे ते काळे लिबलिबीत तुकडे साचत गेले. मग त्यांनी आणखी आतला एक भाग दाबला आणि तो थरथरला. माझ्या इच्छेशिवाय, मला काही न कळता, माझं मांस माशी बसल्यावर बैलाची कातडी थरथरते तसं थरथरलं आणि त्यातून लाल रक्त आलं. "हा जिवंत. ह्याला हात लावायचा नाही."

त्यानंतर मात्र मी तोंड फिरवलं.

जखम त्यांनी शिवली नाही. उघडीच ठेवली. ॲक्रिफ्लेविनच्या पिवळ्या पाण्यात भिजवलेली जाळीची पट्टी आत कोंबायची, दुसऱ्या दिवशी ओढून काढायची, मिठाच्या पाण्यानं धुवायचं, पुन्हा कोंबायची. सगळं पिवळं झालं. चादर पिवळी, बोटं पिवळी, पट्टीवर येणारा पू पिवळा. वरणभाताचं ताट समोर आलं की मी ते बाजूला सारत असे. मेच्या उन्हात वॉर्डाचे पत्रे तापत आणि माश्या माझ्या खाटेवर येऊन बसत, शेजारच्या बाळंतिणींच्या खाटा सोडून. हातावर मच्छरदाणीचा तुकडा लावला होता, त्यावर त्या बसत. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं नर्सला विनवून आपली खाट दूर सरकवून घेतली. मी तिला दोष दिला नाही. मलाच त्या हातापासून दूर जायचं होतं, पण तो खांद्याला जोडलेला होता.

उजवा हात निकामी, म्हणून जेवण डाव्या हातानं. आत्याला ते सहन होईना. डाव्या हातानं अन्न! मग ती मला भरवू लागली. रोज सकाळी ती सोवळ्याचं ओलं धडपं नेसून घरून निघे, कुणाला न शिवता दवाखान्यापर्यंत येई, आणि इथे मात्र सगळं सोवळं बाजूला ठेवून माझ्या खाटेशी उभी राही. पट्टी बदलताना नर्सला तबक धरायला माणूस हवं असे. आत्या धरी. पू, रक्त, काळी झालेली जाळी सगळं तिच्या हातातल्या तबकात पडे आणि ती डोळे मिटून ओठ हलवत उभी राही. काम झालं की मागच्या नळाखाली जाऊन डोक्यावरून अंघोळ करी. पुन्हा ओल्या अंगानं येऊन मला भरवी. संध्याकाळी पुन्हा पट्टी, पुन्हा अंघोळ.

मला त्या अंघोळीचा राग येई. पट्टीच्या वेदनेपेक्षाही जास्त. एकदा मी बोललेच.

"मला शिवलीस की तुला विटाळ होतो ना? मग कशाला येऊन राह्यलीस? नको येऊ."

तिच्या केसांतून पाणी गळत होतं. ती म्हणाली, "विटाळ होतो तर होतोच ना. म्हणून का मी यायचं न्हाई?"

माझा राग गेला नाही. तिच्या मनात मी आणि घाण एकाच जागी होतो, आणि ते ती लपवतही नव्हती. मी घास गिळला.

जूनचा पहिला आठवडा उलटला तरी पू थांबेना. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "टिंक्चर आयोडीन का नाही लावत? एकदाचं सगळं मरून जाईल."

"काय मरून जाईल?"

"ही घाण."

त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. "तू सायन्स पढतीस ना? चल."

त्यांनी पट्टीखालचं पाणी काचेच्या पट्टीवर पसरलं, वाळवलं, निळ्या रंगात बुडवलं आणि मला शेजारच्या खोलीत नेलं. तिथं खिडकीशी एक जुनं सूक्ष्मदर्शक होतं, आरशानं उजेड घेणारं. मी डोळा लावला. औरंगाबादला आम्ही कांद्याची साल आणि डबक्याचं पाणी बघत होतो. माझ्याच अंगातलं मी पहिल्यांदा बघत होते.

"लहान लहान दिसतात? आत दोन-तीन तुकड्यांचं बी असलेले?"

"हो. खूप आहेत. फुटलेले पण आहेत."

"तुझ्या रक्तातल्या सफेद पेशी त्या. ते पहिल्यांदा येतात. जल्दी येतात, खातात, मरतात. तुझा पू म्हणजे तेच. आता मोठे शोध."

मोठे होते. लहानांच्या मानानं कितीतरी मोठे, बेढब, आणि त्यांच्या पोटात गाठी होत्या. एकाच्या पोटात तर लहानांतलाच एक अख्खा दिसत होता. मी मागे सरले. "हे ह्यांना खातायत?"

"मेलेल्या लहानांना खातात. मेलेलं मांस खातात. पंधरा दिवसांपूर्वी हे मोठे मला दिसले नव्हते. आता आले." त्या हसल्या. "मी आयोडीन ओतलं तर जंतू मरतील, आणि हेही मरतील. मग साफ कोण करणार? आणि साफ झाल्याशिवाय नवं मांस येत नाही, बिलकुल नाही."

"पण त्यांना कळतं कसं? कुणी कधी यायचं ते?"

"मालूम नहीं," त्या सरळ म्हणाल्या. "किताबात दोन ओळी आहेत, त्यातही 'बहुधा' आहे. मेलेल्या मांसातून काहीतरी पाझरत असेल, त्याच्या मागावर हे येत असतील. ह्यांच्यातून काही पाझरत असेल, ते मांसाला उठवत असेल. बोलत असणार एकमेकांशी. नाहीतर इतकं सगळं अंदाजानं होईल का?"

मी परत आले तेव्हा आत्यानं विचारलं, काय बघितलं? मी सांगितलं की माझ्या हातात मेलेलं खाणारे काही जीव आहेत, आणि ते माझेच आहेत.

"म्हणजे गिधाडं?"

"तसंच."

ती शहारली. "शी! तुझ्या अंगात?" मग म्हणाली, "माझ्याबी असतील का?"

"सगळ्यांच्या असतात."

त्यावर ती उठून नळाखाली गेली.

माझं एक लग्न ठरत आलं होतं. टेंभुर्णीकडचं मोठं शेतकरी घर, मुलगा औरंगाबादला कचेरीत. सुट्टीत बैठक व्हायची होती. घोडा चावल्याची बातमी तिकडे पोचली होती, आणि एके दिवशी मुलाची आई आणि चुलती न सांगता दवाखान्यात हजर झाल्या. आत्याला त्या दारातच दिसल्या. तिनं जे केलं ते मी बघत राहिले. माझ्या हातावर धुतलेला पंचा टाकला, त्यावर पिशवीतून गुलाबपाणी काढून शिंपडलं आणि पुवाचं तबक खाटेखाली पायानं सरकवलं. मग हसत पुढे झाली. "या, या. अहो, जरासं खरचटलं, बाकी काही न्हाई. डॉक्टरनी उगा ठेवून घेतलंय."

मुलाची आई बसली नाही. पदर नाकाला होता. कुजलेल्या मांसावर गुलाबपाणी शिंपडल्यानं वास जातो असं कुणाला वाटत असेल तर त्यानं तो एकदा घेऊन बघावा.

"भाकरी थापता येईल का हिला?"

"येईल की! बराबर येईल. बिलकुल बराबर."

"आणि वास? वास राहील का अंगाला?"

"न्हाई हो, कसला वास!"

आत्या लाचार हसत होती. जी बाई कुणाचा वारा अंगावर घेत नव्हती ती त्या दोघींच्या पायाशी जवळजवळ वाकली होती. पुवाची नाही, तिच्या त्या हसण्याची मला शिसारी आली. मी डाव्या हातानं पंचा ओढला, मच्छरदाणीचा तुकडा बाजूला केला आणि पट्टी अर्धी उचलली. "बघा ना. बघायलाच आलात ना तुम्ही? नीट बघा."

चुलती किंचाळली. मुलाची आई दारापर्यंत गेली आणि व्हरांड्याच्या कडेला वाकली. तिचा ओकण्याचा आवाज आम्हाला आत ऐकू आला. शेजारच्या बाळंतिणी उठून बसल्या होत्या.

ते लग्न तिथंच संपलं. आत्या माझ्याशी काही दिवस बोलली नाही. पण सकाळी यायची, तबक धरायची, अंघोळ करायची, घास भरवायची. न बोलता भरवलेला घास गिळणं फार अवघड असतं. शेवटी एकदा घास तोंडाशी धरून ती म्हणाली, "मी मेल्यावर तुझं कोण हाये? म्हणून हसत होते मी." मी तोंड उघडलं. आम्ही दोघी त्या विषयावर पुन्हा कधी बोललो नाही.

पू कमी होत गेला. जखमेच्या तळाशी लाल, बारीक, डाळिंबाच्या दाण्यांसारखं काही उगवू लागलं आणि डॉक्टरीणबाई ते बघून खूश झाल्या. मला तेही बघवेना. ते जरा हात लागला तरी रक्ताळत असे, आणि माझ्या अंगात एखादं परकं फळ पिकतंय असं वाटे. त्या म्हणाल्या, आता कोपर वाकव. मी जोर लावला, काही झालं नाही. रोज जोर लावायचा, रोज काही व्हायचं नाही. मी रडले, चिडले, त्यांना म्हणाले की तुम्ही सगळं मेलेलं म्हणून जिवंतच कापलंय. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझं बोट माझ्याच दंडावर जखमेच्या कडेला ठेवलं. "आता जोर लाव." बोटाखाली काहीतरी किंचित आवळलं. हात हलला नाही, पण आतलं हललं.

घरी पाठवताना त्यांनी बजावलं, हात गळ्यात बांधून ठेवायचा नाही. काम करायचं. मांसाला ताण मिळाला नाही तर वणाचं जाळं विणणाऱ्या पेशीच जागा धरून बसतील, मग तो हात लाकडाचा होईल. त्या काय म्हणाल्या ते आत्याला कळलं नाही, पण 'काम करायचं' एवढं कळलं. तिनं मला जात्यावर बसवलं. समोरासमोर दोघी, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. सुरुवातीला सगळं ओझं ती ओढी आणि माझा हात खुंट्याबरोबर नुसता फिरत राही. घामानं कपडे चिकटत, जखमेला खाज सुटे, ओल्या ज्वारीच्या पिठाचा आंबूस वास नाकात बसे. त्या वासाचाही मला तिटकारा होता. मी शिव्या घालत दळलं. दिवाळीपर्यंत दोघींचं ओझं निम्मं-निम्मं झालं होतं.

वर्ष बुडालं. दादांनी मला पुन्हा औरंगाबादला धाडलं. आळीतल्या लोकांनी म्हटलं, आता हिला कोण करणार, शिकू द्या. त्या दयेचीही मला घाण वाटली, पण ती मी घेतली. बी.एस्सी. झाले, पुढे प्राणिशास्त्र शिकले, शिकवू लागले.

डॉक्टरीणबाईंच्या 'मालूम नहीं'चं उत्तर पुढच्या काळात हळूहळू पुस्तकांत येत गेलं. मी ते जसं मिळेल तसं वाचत गेले. मांसाचा तंतू फुटला की त्याच्या आतला ऐवज बाहेर सांडतो, आणि ते सांडणं हीच पहिली हाक. ती ऐकून लहान पांढऱ्या पेशी धावतात. त्या खातात, जाळतात, कधी धडधाकटालाही चटका देतात, आणि मरतामरता मोठ्या भक्षकांना बोलावतात. तंतू आणि त्याच्या पातळ वेष्टणाच्या मधल्या फटीत काही पेशी वर्षानुवर्षं झोपून असतात. साध्या सूक्ष्मदर्शकाला त्या वेगळ्या ओळखूच येत नाहीत, त्यामुळे त्या वर्षी आम्हाला त्या दिसणं शक्यच नव्हतं. भक्षकांच्या पाझरानं त्या उठतात. आधी त्यांना निरोप असतो की वाढा, दुप्पट व्हा, पण तंतू बनायची घाई करू नका. आणि मग जे होतं ते मला सगळ्यात विचित्र वाटतं. मेलेलं खाता खाता भक्षकांचाच स्वभाव पालटतो. त्यांचा पाझर बदलतो आणि निरोपही बदलतो: आता वाढणं पुरे, एकमेकींना जुळा, तंतू व्हा. जाळं विणणाऱ्या पेशीही तोवर आलेल्या असतात. त्या आधार देतात, उठलेल्यांना पोसतात, आणि काम झालं की त्यांनाही जायला सांगितलं जातं. घाव मोठा असला, पुन्हा पुन्हा चिघळला, निरोप एकमेकांत घोटाळले, तर विणणाऱ्या जात नाहीत. मांसाच्या जागी वण बसतो.

माझ्या दंडात ते दोन्ही झालं. काही मांस परत आलं. मधे अंडं मावेल एवढा खड्डा राहिला आणि त्याच्या तळाशी चकचकीत, कडक, केस न येणारी कातडी. कोपर पूर्ण सरळ होत नाही.

हे सगळं वाचून किळस गेली असेल असं विद्यार्थिनींना वाटतं. गेली नाही. पू म्हणजे माझ्याच मेलेल्या पेशी, माझ्यासाठी मेलेल्या, हे मला पूर्ण मान्य आहे, आणि तरी पिवळं वरण मी आजतागायत खात नाही. समजणं एकीकडे होतं आणि पोट दुसरीकडे. जवसाची चटणीही खात नाही. कुणी मायेनं हातावर काही बांधायला आलं की अंगावर काटा येतो.

आत्या मी नोकरीला लागल्यानंतर काही वर्षांनी गेली. शेवटच्या दुखण्यात तिच्या पाठीला खोल जखमा झाल्या होत्या, अंथरुणाला खिळल्यामुळे होतात तशा. मी रजा काढून आले होते. पट्टी मी बदलत असे. मला उलटी येई, मी बाहेर जाऊन येई, पुन्हा आत येई. ती पालथी पडून विचारी, "लई घाण हाये का गं?" मी म्हणे, "हो, आहे." आम्हा दोघींत खोटं बोलायची सोय उरली नव्हती. तिच्या त्या जखमांत नवं काही उगवलं नाही. वय झालेलं होतं, अंगात रक्त नव्हतं, आणि झोपलेल्यांना उठवायला आत कुणी उरलं नसावं.

कॉलेजात मी हा धडा बरीच वर्षं शिकवला. फळ्यावर तंतूची लांबट आकृती काढायची, कडेला झोपलेली पेशी, वरून येणारे भक्षक आणि त्यांच्यामधले बाण. हात पूर्ण वर जात नसल्यानं माझ्या आकृत्या फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच राहत. मागच्या बाकांवरच्या मुलींना दिसत नसे, त्या उठून उभ्या राहत आणि माना उंचावून आपापल्या वहीत ते बाण उतरवून घेत.